घराचे दुसरे भाडे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्यासारख्या कामगार चळवळीतील माणसाला या व्यासपीठावर बोलावले, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशीच आटोपले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतील कपाटापाशी, सार्वजनिक वाचनालयात आणि सर्वांत अधिक आगगाडीत झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आमच्याकडून कोणी ठेवू नये. एका प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे वाचले आणि जे पाहिले, तेवढेच आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

तो प्रश्न असा. काही वर्षांपूर्वी अंधेरीकडील एका कारखान्यात कामगारांच्या मागण्यांवर बोलणी चालू होती. महिन्यात तीन वेळा उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार कापावयाचा, असा तेथला नियम होता. पावसाळ्यात गाड्या रखडत आणि महिन्याच्या अखेरीस निम्म्या खात्याच्या पगाराला कात्री लागे. आमची मागणी एवढीच की, हजेरीला पंधरा मिनिटांची सवलत द्यावी. व्यवस्थापक सभ्य गृहस्थ होते. आवाज न चढवता ते म्हणाले, "भाऊ, कंपनीनं तुमच्या माणसांना कल्याणला राहायला सांगितलं होतं का?"

बोलणी तेथेच अडली. पगाराचे, बोनसचे, महागाई भत्त्याचे उत्तर आमच्या जिभेवर तयार असते. या प्रश्नाचे नव्हते. शेजारी बसलेले आमचे सहकारी खाली पाहू लागले. जणू कल्याणला राहणे हा त्यांच्या हातून घडलेला एखादा अपराधच होता. त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आज येथे, कल्याणातच, देणार आहोत. उत्तर द्यावयास फार उशीर झाला हे खरे. पण कल्याणहून निघालेल्या माणसाला उशीर व्हावयाचाच!

आपल्याकडे म्हण आहे, घर पहावे बांधून आणि लग्न पहावे करून. घर बांधणे सोडाच, नुसते घर घेणे हीसुद्धा आता जन्माची परीक्षा झाली आहे. तथापि घर कोठे घ्यावे याचा हिशेब मांडताना आपण बहुतेकजण एक चूक करतो. घराला भाडी दोन असतात. पहिले भाडे रुपयांत असते. ते मालकाला द्या किंवा बँकेच्या हप्त्यात द्या. दुसरे भाडे तासांत असते. ते रोज सकाळ-संध्याकाळ रुळांवर भरावे लागते आणि त्याची पावती कोणी देत नाही. पहिले भाडे कमी करू गेले की दुसरे वाढते. मुंबई आणि तिच्या भोवतालच्या गावांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे, आमच्या मते, पहिल्या भाड्याचे ओझे हळूहळू दुसऱ्या भाड्यावर कसे सरकवले गेले याचा इतिहास आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८५४ साली, रूळ आपल्या कल्याणास पोचले. त्याच १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ साली ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. म्हणजे गाडी आणि गिरणी ही जवळजवळ जुळी भावंडे. पण मौज अशी की, ही भावंडे एका शहरात वाढली तरी पुष्कळ काळ एकमेकांच्या घरी गेली नाहीत. गाडीने कापूस आला, कोळसा आला, साहेब लोक आले, पुढे कारकून मंडळी आली. गिरणीतला कामगार मात्र पायीच कामावर जात राहिला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ज्यांनी कामगारांच्या राहणीची पाहणी केली, त्यांना बहुसंख्य गिरणी कामगार गिरणीपासून पंधरा मिनिटांच्या चालीच्या आत राहताना आढळले.

याचे कारण कामगाराला गाडीची हौस नव्हती असे नव्हे. कारण त्याच्या नोकरीच्या स्वरूपात होते. त्या काळी मुकादम गिरणीच्या दारात उभा राहून माणसे घेई. बदली कामगाराला रोज पहाटे दारात हजर राहून आपले नशीब पहावे लागे. काम मिळाले तर मिळाले, नाही तर परत. अशा माणसाने रोज रेल्वेचे भाडे कोणत्या भरवशावर भरावे? दुसरे कारण कामाचे तास. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतील प्रौढ पुरुषाच्या कामावर प्रथमच बारा तासांची मर्यादा घातली. म्हणजे त्यापूर्वी बारा तासांहूनही अधिक काम चाले. जो माणूस बारा तास यंत्रापाशी उभा राहतो त्याच्यापाशी प्रवासाला देण्यासाठी तासच उरत नाहीत. दुसरे भाडे भरण्याची त्याची ऐपतच नव्हती. म्हणून तो पहिले भाडे भरून गिरणीच्या सावलीत राहिला.

ते पहिले भाडे त्याने कसे भरले, हेही पाहिले पाहिजे. गिरणगावाच्या आठवणी आज गोड करून सांगतात. भजने, दशावतार, गणेशोत्सव, व्यायामशाळा हे सारे खरेच होते. पण दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत दहा-दहा चाकरमानी गाळा करून राहत होते, हेही तितकेच खरे. रात्रपाळीचा माणूस उठला की त्याच्याच वळकटीवर दिवसपाळीचा आडवा होई. खानावळवाली बाई दोन वेळचे जेवण घाली, म्हणून बायको-मुलांना गावी ठेवून माणूस शहरात टिके. १९३१ च्या सुमारास मुंबईच्या लोकसंख्येपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश माणसे एकखोली बिऱ्हाडात राहत होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग उघडकीस आला आणि तो अशाच कोंदट वस्त्यांतून वणव्यासारखा पसरला. तेव्हा कोठे सरकारला कामगारांच्या घरांची आठवण झाली.

१८९८ मध्ये कायदा करून सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या सुबक वसाहती आखल्या. पण रस्ता काढावयाचा म्हणजे त्या जागेवरच्या चाळी पाडावयाच्या. आरंभीच्या वर्षांत ट्रस्टने जितक्यांना उठवले तितक्यांना घरे दिली नाहीत. उठवलेली माणसे जवळच्याच दुसऱ्या चाळींत शिरली आणि तेथील गर्दी वाढली. दादर-माटुंग्याचे भूखंड त्यांच्या कामाचे नव्हतेच. ते मध्यमवर्गाच्या वाट्याला आले. गरीब माणसाच्या आरोग्यासाठी म्हणून घेतलेली योजना अखेर दुसऱ्याच्याच उपयोगी पडावी, ही गोष्ट तेव्हापासून आम्ही पाहत आलो आहोत.

यानंतरचा प्रयोग मोठा होता, आणि आजच्या विषयाला तो फार उपयोगी आहे. १९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. आपण ज्यांना बी. डी. डी. चाळी म्हणतो त्या याच खात्याच्या. ५० हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. पैशासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या. खोल्या सुमारे १६ हजार. प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. संकल्पाच्या एक तृतीयांशावर काम थांबले.

का थांबले? घरांची टंचाई संपली म्हणून नव्हे. चाळी रिकाम्या राहू लागल्या म्हणून! सर्वांत मोठा समूह वरळीचा, १२१ चाळींचा. आणि तोच वर्षानुवर्षे ओस होता. इतका, की सविनय कायदेभंगाच्या दिवसांत सरकारने तेथे सत्याग्रहींसाठी तात्पुरता तुरुंग केला. साहेबांना वाटले, या लोकांना चांगल्या घराची किंमतच नाही. पण कामगाराचा हिशेब सरळ होता. सिमेंटच्या त्या खोल्यांत वारा-उजेड बेताचाच, भाडे खाजगी खोलीपेक्षा अधिक, आणि वरळी त्या वेळी आडबाजूला. जवळ बाजार नाही, उधारीचा वाणी नाही, खानावळ नाही, वाहन नाही. म्हणजे पहिले भाडेही जास्त आणि दुसरेही जास्त. अशी खोली कोण घेणार? कामगाराने अर्ज केला नाही, मोर्चा काढला नाही. तो तेथे राहावयास गेला नाही, एवढेच. घरांच्या योजना आखणाऱ्यांनी हे उत्तर नीट वाचले असते तर पुढच्या पुष्कळ चुका टळल्या असत्या.

योग्य रीतीने केले असते तर हे काम होण्यासारखे नव्हते काय? होते. ज्या दशकात वरळीच्या चाळी ओस पडल्या होत्या, त्याच दशकात ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहराच्या नगरपालिकेने घरांसाठी खास कर बसवून कामगारांसाठी घरे बांधावयास घेतली. १९२३ ते १९३४ या काळात तिने ६० हजारांहून अधिक घरे उठवली, तीही बहुतांशी शहरातच, ट्रामच्या वाटेवर, अंगणे, धुलाईघरे आणि बालकमंदिरांसह. ती घरे नंतरही पिढ्यान् पिढ्या भरलेली राहिली. कर तेथेही बसवला आणि येथेही बसवला. तेथे कामगाराच्या दिवसाचा विचार केला. आपल्याकडे केवळ खोल्यांची संख्या मोजली.

मुंबईतला हिशेब पुढे दोन गोष्टींनी बदलला. पहिली गोष्ट विजेची गाडी. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर देशातील पहिली विजेची गाडी धावली. १९२८ साली पश्चिमेकडे ती बोरिवलीपर्यंत गेली, आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत कल्याणही विजेच्या तारेला जोडले गेले. दुसरी गोष्ट कामाचे तास. १९२२ च्या कायद्याने दिवसाचे अकरा तास झाले, १९३४ च्या कायद्याने दहा, आणि १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टने आठवड्याचे ४८. हे तास कोणी दानात दिले नाहीत. त्यांच्यामागे संप होते, उपासमार होती. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने संप चालवला. तो चालू शकला, कारण कामगार, त्याचा वाणी, त्याचा शेजारी आणि त्याची युनियन ही सारी एकाच आळीत राहत होती.

आता येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बारा तासांचे आठ तास झाले म्हणजे माणसाच्या पदरात दिवसाचे चार तास पडले. ते विश्रांतीसाठी, वाचनासाठी, मुलाबाळांसाठी, सार्वजनिक कामासाठी मिळवलेले होते. पण माणसापाशी चार तास शिल्लक आहेत म्हटल्यावर त्याला शहरापासून चार तासांच्या अंतरावर ढकलता येते, हे आमच्या पुढाऱ्यांच्या ध्यानात आले नाही. ज्यांना जमिनीचा भाव कळत होता त्यांना ते बरोबर कळले.

घरभाडे नियंत्रणाचा कायदा याच वाटेवर येतो. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली तेव्हा १९१८ साली असा पहिला कायदा झाला, आणि १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी साधारणतः १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. आम्ही कामगार मंडळींनी या कायद्याची पाठराखण केली आणि ती योग्यच होती. त्या कायद्याने लक्षावधी कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर राखले. परंतु प्रामाणिकपणे बोलावयाचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भाडे बांधले गेल्यावर भाड्यासाठी चाळ बांधणारा मालक नाहीसा झाला. त्याच्या जागी सरकारने किंवा नगरपालिकेने भाड्याची घरे भरपूर बांधावयास हवी होती. काही वसाहती झाल्याही, पण गरजेच्या मानाने थोड्या. परिणाम असा झाला की, ज्याच्या नावावर खोली होती तो सुरक्षित राहिला आणि त्याचा धाकटा मुलगा निराधार झाला. नवी खोली हवी तर पागडी मोजा, नाही तर गाडीत बसा. थोरला लालबागला, मधला घाटकोपरला, धाकटा कल्याणला. मराठी कुटुंबांची अशी रुळांच्या कडेकडेने वाटणी झाली. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. आमचे अंथरूण मुंबईत तोकडे पडले आणि पाय मात्र कर्जतपर्यंत पसरावे लागले.

मग कामच गावाकडे का आणू नये, असा विचार पुढे आला. आणि तो विचार चांगला होता. अंबरनाथला कारखाने होतेच. १९६४ साली डोंबिवलीला औद्योगिक वसाहत झाली, ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांचे कारखाने आले. कल्याणचा माणूस सायकलवर डबा लावून कामावर जात आहे, असे दृश्य आमच्या लहानपणी दिसे. १९७० मध्ये सिडको स्थापन होऊन खाडीपलीकडे नवी मुंबई उभी राहू लागली. तेथेच घर आणि तेथेच काम, अशी ती कल्पना होती. पण सरकारने आपले मंत्रालय तिकडे हलवले नाही. उलट त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. वाशीला लोकलगाडी पोचली ती १९९२ मध्ये. आधी माणसे न्यावयाची आणि बावीस वर्षांनी गाडी न्यावयाची, असा हा क्रम! पुढे अंबरनाथ-डोंबिवली-ठाण्याचे पुष्कळ कारखानेही बंद झाले. काम पुन्हा शहराकडे गेले, वांद्रे-कुर्ला संकुलात गेले, अंधेरीला गेले. घरे मात्र मागेच राहिली.

येथे घरचे थोडे सांगतो. त्यात विशेष काही नाही. समोर बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरी हेच घडले असेल. आमचे वडील लालबागच्या एका चाळीत राहत. खोली ते गिरणी सात मिनिटांची वाट. पहिल्या भोंग्याला ते उठत, दुसऱ्या भोंग्याला जिना उतरत. पाळी सुटली की चहाचे आधण उतरण्याच्या आत घरी असत. संध्याकाळी कधी भजन, कधी युनियनची सभा. सभेला माणसे बोलवावी लागत नसत. ती तेथेच असत.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विझत गेला. आमच्या आईने चार वर्षे खानावळ चालवली. १९८६ मध्ये खोली पागडीने सोडली, कर्ज फेडले, आणि उरलेल्या पैशात कल्याण पूर्वेला एक खोली मिळाली. खोली पूर्वीपेक्षा मोठी होती. आईला स्वतंत्र मोरी मिळाली याचा तिला केवढा आनंद! वडिलांना मुंबईत रखवालदाराची नोकरी लागली. आयुष्यातला पहिला रेल्वेचा पास त्यांनी वयाच्या ४९ व्या वर्षी काढला. पहाटे पाचला ते निघत आणि रात्री दहाला परतत. एकदा पायांना तेल लावून घेताना ते आईला म्हणाले, "आठ तासांसाठी आम्ही भांडलो. आता बारा तास उभा राहतो आणि वर गाडीत चार तास उभा राहतो." तक्रार म्हणून नव्हे, हिशेब म्हणून म्हणाले. घराचे दुसरे भाडे हा शब्द आम्हांला नंतर सुचला. ते भाडे आम्ही त्यांच्या पायांवर आधी पाहिले होते.

हा हिशेब आपणही करून पहावा. दारापासून दारापर्यंत जाऊन-येऊन चार तास लागतात असे धरू, आणि वर्षातले कामाचे दिवस ३०० धरू. वर्षाचे १,२०० तास झाले. आठ तासांच्या पाळीने भागले तर १५० पाळ्या होतात. म्हणजे ३०० पाळ्या पगाराच्या आणि वर १५० पाळ्या बिनपगारी. स्वस्त घर म्हणून आपण ज्याला म्हणतो त्याच्या किमतीत या १५० पाळ्या धरलेल्या नसतात. स्त्रियांच्या बाबतीत हा आकडाही अपुरा आहे. पहाटे चारला उठून डबे करणारी आणि परतताना गाडीतच भाजी निवडणारी बाई या चार तासांच्या आधी आणि नंतरही पाळीवरच असते. केवळ स्त्रियांसाठी चर्चगेटहून पहिली खास लोकल सुटली ती १९९२ मध्ये. तोवर पुरुषांच्या लोंढ्यातून एक-दोन डब्यांत शिरण्याची कसरत त्या करीत होत्या.

आणि काही माणसे हे भाडे प्राणांनी भरतात. २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २,५९० माणसे मृत्युमुखी पडली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. तो पूल जुन्या गिरणभागातच होता. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांत दुरून येणारी माणसे आली, आणि पूल मात्र पूर्वीचाच राहिला. ९ जून २०२५ रोजी आपल्या शेजारच्या मुंब्र्याला दारात लटकलेली माणसे शेजारून जाणाऱ्या गाडीमुळे खाली पडली. त्यांच्या घरी त्या संध्याकाळी काय झाले असेल ते आपल्या गावात वेगळे सांगावयास नको.

आता शेवटचा अंक. गिरण्यांच्या जमिनी सवलतीने मिळालेल्या, शहराच्या मध्यावरच्या. १९९१ च्या विकास नियमांत अशी तरतूद होती की, गिरणीची जमीन विकावयाची तर साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी नगरपालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला, आणि उरलेली मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि ही वाटणी सगळ्या जमिनीऐवजी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीला लागू झाली. गिरणीची जमीन बहुतेक शेडखालीच असते. म्हणजे वाटणीला उरले काय? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. तरीही कामगारांनी नेट सोडला नाही. सुमारे पावणेदोन लाख कामगारांनी व वारसांनी घरांसाठी अर्ज केले. २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली. २०१६ व २०२० च्या सोडती धरून हा आकडा सोळा हजारांच्या घरात गेला. बाकीच्यांसाठी २०२४ मध्ये शेलू आणि वांगणी येथे सुमारे ८१ हजार घरांची योजना पुढे आली. शेलू-वांगणी कोठे, हे कल्याणकरांना सांगावयास नको. बदलापूरच्या पुढे आणि नेरळच्या अलीकडे. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर जमलेल्या कामगारांनी, त्यांत सत्तरी-पंचाहत्तरीचे म्हातारे होते, मुंबईतच घर द्या असे सांगितले.

यावर काही सुशिक्षित मंडळी म्हणतात, फुकटच्या दराचे घर मिळते तर इतका हट्ट कशाला? वरळीच्या ओस चाळींबद्दल साहेब हेच म्हणत होता. त्याच वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पुनर्विकासातील पहिल्या ५५६ कुटुंबांना १६० फुटांच्या खोलीऐवजी ५०० फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या. जी जागा शंभर वर्षांपूर्वी कामगाराला आडबाजूची म्हणून नको होती ती आज कोट्यवधींची आहे. यावरून एक समजते. जागा दूर असते ती मैलांनी नव्हे. रस्ता, गाडी, बाजार, काम यांपैकी तेथे काय नेले आणि काय नेले नाही यावर दूर आणि जवळ ठरते, आणि ते ठरवणारी माणसे असतात. आधी काम आणि गाडी नेली तर वांगणीही जवळ होईल. केवळ माणसे नेऊन टाकली तर तोही एक वरळीचा तुरुंगच.

आमच्या चळवळीची चूकही येथे कबूल केली पाहिजे. आम्ही पगाराचे करार केले आणि पाळीचे तास बांधून घेतले. दारापासून दारापर्यंतचा तास मात्र आम्ही टेबलावर कधी ठेवलाच नाही. तो कामगाराचा खाजगी प्रश्न मानला. कायदा आमच्यापेक्षा थोडा पुढे गेला. २०१० साली कामगार विमा कायद्यात दुरुस्ती होऊन, कामावर जाता-येताना झालेला अपघात, त्याचा कामाशी संबंध असेल तर, कामावरचाच मानला गेला. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या मृत्यूच्या प्रकरणात भरपाईच्या कायद्यालाही तोच अर्थ लावला. मरताना ती वाट कामाची ठरते. तर मग जिवंतपणी ती कामाची का नसावी? पाळीच्या वेळा गाड्यांच्या वेळांशी जुळवणे, उशिराला सवलत, दूरच्या कामगाराला प्रवासभत्ता, कामाच्या जवळ भाड्याची सार्वजनिक घरे, आणि आपल्या भागातच पुन्हा कामधंदा, या मागण्या यापुढे बोनसाच्या शेजारी बसल्या पाहिजेत.

आता व्यवस्थापकांच्या प्रश्नाचे उत्तर. कंपनीने आमच्या माणसांना कल्याणला राहावयास सांगितले नव्हते, हे खरे आहे. पण कामाजवळ राहण्यासारखा पगारही दिला नव्हता. ट्रस्टने सांगितले नव्हते. त्याने फक्त चाळ पाडली. सरकारने सांगितले नव्हते. त्याने फक्त भाड्याची घरे बांधली नाहीत. गिरणीमालकाने सांगितले नव्हते. त्याने फक्त जमीन विकली. एवढ्या सगळ्यांनी काहीही न सांगता आमची माणसे बरोबर कल्याणच्या गाडीत बसली. आणि सकाळी कंपनीचा दरवाजा वेळेवर उघडतो तो या माणसांनी घरून काढलेल्या दोन तासांच्या जोरावर उघडतो. ते दोन तास कंपनी फुकट वापरते. आम्ही त्यातली पंधरा मिनिटे परत मागितली होती.

पुढे ती सवलत मिळाली, पंधरा नव्हे, दहा मिनिटांची. मोठा विजय म्हणता येणार नाही. तथापि त्या दिवशी प्रथमच आमच्या माणसांनी मान वर करून आपल्या गावाचे नाव सांगितले.

नवे बिऱ्हाड करू पाहणाऱ्या तरुण मंडळींना एवढेच सांगतो की, कागदावर हप्ता मांडाल तेव्हा शेजारी तासही मांडा, दोघांचेही मांडा, आणि मग ठरवा. दूरचे घर घ्यावेच लागले तर घ्या. त्यात कमीपणा नाही. मात्र ते आपल्याच मर्जीने घेतले असे कोणी म्हणू लागला तर त्याला हा इतिहास सांगा.

आपल्यापैकी पुष्कळांना उद्या पहाटेची गाडी आहे. म्हणून येथेच थांबतो.